तडकलेल्या डाळिंबाचा सॉस आणि फवारणीची वही



मागच्या आठवड्यात हुरड्याचे फोटो टाकले होते. त्यात आगटीच्या शेजारी लालसर-तपकिरी सॉसची बाटली दिसली आणि ज्वारीपेक्षा त्या बाटलीचीच चौकशी जास्त झाली. "दादा, कसला सॉस आहे?" "विकताय का?" "रेसिपी टाका." रेसिपी टाकतो. पण नुसती रेसिपी टाकली तर अर्धीच गोष्ट होईल. या सॉसच्या अडतीस बाटल्या आम्ही आमच्याच हातानं खड्ड्यात ओतल्यात, तेही सांगायला पाहिजे. ते आधी वाचा, मग पातेलं चुलीवर ठेवा.

आमचं रान मंगळवेढ्याच्या दक्षिण भागात. खाली काळी, तिच्यात ज्वारी. वर माळाला मुरमाड, तिथं डाळिंबाचे दोन प्लॉट, दोन्ही भगवा. एक खालचा, एक वरचा. मृग बहार धरतो, त्यामुळं डिसेंबरात डाळिंबाची तोडणी आणि ज्वारीचा हुरडा एकाच वेळी येतात. कामाची त्रेधा उडते, पण वस्तीवर पाहुण्यांची वर्दळही तेव्हाच असते.

यंदा खालच्या प्लॉटाला क्रॅकिंग लागलं. नोव्हेंबरात आठ दिवस मोटार बंद पडली होती. मोटार दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी काय केलं, तर झाडं तहानलेली म्हणून ड्रीप दुप्पट वेळ चालवलं. चूक माझीच. कोरड पडली की डाळिंबाच्या सालीची लवचिकता जाते, ती निबर होते. मग एकदम पाणी मिळालं की आतले दाणे फुगतात, साल ताणत नाही आणि फळ उकलतं. त्यात रात्री थंडी आणि दुपारी कडक ऊन असलं की भर पडते. जमिनीत बोरॉन आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोलापूरला केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या मेळाव्यात पाणी नियमित ठेवा हेच दरवेळी कानावर पडतं. ऐकतो सगळेच. पण मोटार सुरू झाली की हात आवरत नाही.

तोडणीच्या दिवशी व्यापाऱ्याची माणसं आली. प्रतवारी झाली. चांगल्या मालाला किलोला ९५ रुपये ठरले होते. तडकलेला माल बाजूला काढला, तो भरला नऊ क्रेट. वीस किलोचा क्रेट धरला तर १८० किलो. त्याला म्हणाले, "बदला हाय, आठ रुपयानं द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." हिशोब लगेच झाला. ९५ वजा ८, किलोमागं ८७ रुपये, म्हणजे १५,६६० रुपयांचा खड्डा. व्यापाऱ्याला दोष देत नाही. तडकलेलं फळ मुंबईच्या गाडीत घातलं तर ते स्वतः सडतं आणि शेजारच्या दहा फळांना सडवतं. त्याचंही बरोबर होतं. पण आठ रुपये ऐकून आमच्या आईनं मान फिरवली. म्हणाली, "असू दे रं. घरातच खाऊ."

आता १८० किलो डाळिंब घरात कोण खाणार?

सॉसची कल्पना कुठनं आली

बहिणीचा मुलगा पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. हुरड्याला आला होता. आगटीत गोवऱ्या फुललेल्या, एकीकडं गूळभेंडीची कणसं भाजतायत, दुसरीकडं निखाऱ्यात वांगी, कांदे आणि सळईवर कोंबडी. तो म्हणाला, "मामा, हे बार्बेक्यूच झालं की. फक्त सॉस नाही."

मी विचारलं, म्हणजे काय असतं त्यात? त्यानं सांगितलं ते मला पटलं. आंबट, गोड, तिखट आणि धूर, या चार गोष्टी. बाकी जो तो आपापल्या भागात जे मिळतं ते घालतो. बार्बेक्यू हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आगीवर लाकडाचा माळा करून त्यावर मांस भाजायचे त्याला ते बार्बाकोआ म्हणायचे. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, पुढं अमेरिकेत गेला. अमेरिकेतही सॉस एक नाही. कॅरोलायना भागात व्हिनेगरचा पातळ सॉस, कॅन्सस सिटीला टोमॅटो आणि मळी घातलेला दाट आणि गोड. मळी म्हणजे आपल्या साखर कारखान्यातली म्हणतो तीच, फक्त खाण्याजोगी केलेली.

आणि डाळिंबाचं म्हणाल तर आपण काही नवीन करत नाही. इराण, तुर्कस्तान, सीरिया या देशांत डाळिंबाचा रस आटवून काकवीसारखा दाट करून ठेवायची पद्धत फार जुनी आहे. मांसाला लावतात, भाजीत घालतात. फरक एवढाच की तिकडं त्यासाठी आंबट डाळिंब वापरतात. आपला भगवा गोड. त्याला आंबटपणा बाहेरून द्यावा लागतो. आपल्या घरात चिंच आहेच. गूळ आहे, तिखट आहे, आगटीचा धूर आहे. चारी गोष्टी वस्तीवर हजर.

पहिला घाणा वाया गेला

पहिल्यांदा मी शहाणपणा केला. सगळे दाणे मिक्सरला फिरवले आणि मोठ्या लोखंडी कढईत ओतले. तासाभरानं बघितलं तर रंग काळा ठिक्कर, आणि चव अशी की जणू खिळा चोखतोय. वरून कडू.

दोन चुका होत्या. एक, मिक्सरनं दाण्यातली बी फुटली. बीमधला आणि दाण्याला चिकटलेल्या पांढऱ्या पडद्यातला तुरटपणा सगळा रसात उतरला. दुसरी, लोखंड. डाळिंबात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. जुन्या लोकांची शाई आठवा, हिरडा आणि हिराकस यांची. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोखंड. तीच शाई मी कढईत केली होती. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळही नको, आंबट रस भांड्याला खातो. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्यायचं.

जमलेला घाणा, मापासकट

हे माप ५ किलो तडकलेल्या फळांचं आहे. निवडून, खराब भाग टाकून साधारण ४ किलो फळ उरतं. त्यातून सव्वादोन किलो दाणे निघतात आणि हातानं पिळून दीड लिटर रस.

१. फळं आधी अख्खी धुवायची, मग फोडायची. फोडल्यावर धुतलं तर सालीवरची घाण दाण्यात जाते. दाणे पाण्याच्या पातेल्यात सोडले की पडदा वर तरंगतो, दाणे बुडी बसतात. पडदा काढून टाका, दाणे निथळा.

२. दाणे स्वच्छ पातळ फडक्यात बांधून हातानं पिळायचे. पुरणयंत्र असेल तर मोठ्या जाळीनं हलक्या हातानं. मिक्सर नाही.

३. रस स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवायचा. आम्हाला पाऊण तास लागला. भडक आच दिली की रंग करपट होतो. तसाही जास्त आटवला की डाळिंबाचा लाल रंग टिकत नाही, तपकिरीकडं जातो, त्याला घाबरू नका.

४. तोपर्यंत २ कांदे, ४ टोमॅटो आणि लसणाचा एक गड्डा निखाऱ्यात भाजायचा. वरचं जळकं काढून वाटायचं. धुराची चव यातूनच येते. घरात गॅसवर करत असाल तर शेवटी सॉसमध्ये स्टीलची वाटी ठेवून, तिच्यात पेटता कोळसा आणि थेंबभर तूप, वर पाच मिनिटं झाकण. धुंगार म्हणतात तो.

५. आटलेल्या रसात हे वाटण, १०० ग्रॅम चिंचेचा कोळ, १५० ग्रॅम गूळ, २ चमचे मीठ, २ चमचे ब्याडगीचं तिखट, १ चमचा आपलं काळं तिखट, १ चमचा भाजल्या जिऱ्याची पूड. अर्धी वाटी व्हिनेगर शेवटच्या दहा मिनिटांत.

६. मंद आचेवर हलवत राहायचं. ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करा. थेंब ओघळून गेला तर अजून वेळ आहे, जागेवर बसला तर झालं. एवढ्यातून २०० मिलीच्या चार बाटल्या आणि चाखायला वाटीभर मिळतो.

काचेच्या बाटल्या आणि झाकणं पंधरा मिनिटं उकळून घेतलेली पाहिजेत. सॉस उकळता असतानाच भरायचा, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटं उलटी ठेवायची. फोडलेली बाटली फ्रीजमध्ये. बाटलीत फेस दिसला, झाकण फुगलं किंवा आंबूस वास आला तर चाखून बघायचं नाही, फेकून द्यायचं.

सामू बघा

हे कृषी पदवीधर मित्रांना माहीत असेल, पण घरी सॉस करणाऱ्या कुणाला सांगत नाही कोणी. नुसत्या डाळिंबाच्या रसाला अडचण नाही, तो मुळात आंबट. पण आपण त्यात कांदा आणि लसूण घालतो, ते कमी आंबट. बंद बाटलीत हवा नसते. सामू ४.६ च्या वर गेला तर अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष चवीला कळत नाही, वासाला कळत नाही आणि माणूस मरतो. म्हणून चिंच आणि व्हिनेगर चवीपुरतं नाही, ते राखणदार आहेत. गोड आवडतं म्हणून चिंच कमी करून कांदा वाढवू नका.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडं फवारणीच्या पाण्याचा सामू बघायला पीएच पेन असतो. तो चालतो, पण फवारणीचा पेन पातेल्यात बुडवायचा नाही. चार चमचे सॉस वेगळ्या वाटीत काढा, थंड करा, पेन धुऊन बुडवा, आणि ती वाटी फेकून द्या. त्याआधी पेन ४ आणि ७ च्या बफरला लावून घ्या. रंगाची पट्टी वापरू नका, डाळिंबाच्या रंगानं पट्टीच रंगते आणि खोटं सांगते. आमच्या सॉसचा सामू ३.६ आला. मी ४ च्या खाली ठेवतो, मधे जागा राहू दे म्हणून.

लावायचा कधी

भाचा पहिल्या दिवशी ओरडलाच. मी कच्च्या कोंबडीला सॉस फासून सळई निखाऱ्यावर धरली होती. गूळ आणि डाळिंबाची साखर, पाच मिनिटांत वरून कोळसा आणि आतून कच्चं. कोंबडीला आधी मीठ, हळद, लसूण लावून शिजत आणायची. शेवटच्या पाच-सात मिनिटांत सॉसचे दोन हात द्यायचे. वांग्याला मात्र भाजून, सोलून, वरून. हुरड्यालाही चांगला लागतो. आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, हुरड्याला शेंगाचटणी, गूळ आणि दही पुरे, बाकी सगळी थेरं. तिनं वांग्यावरचा सॉस मात्र दोनदा मागून घेतला.

आता त्या अडतीस बाटल्या

हुरड्याला पुण्याचे काही पाहुणे आले होते, भाच्याच्या ओळखीतले. त्यांना सॉस आवडला. त्यातले एक म्हणाले, "चाळीस बाटल्या द्या. मी तिकडं खपवतो. मंगळवेढ्याचं नाव घाला वर, लोक घेतील." बाटलीला २०० रुपये देतो म्हणाले. चाळीस बाटल्यांचे आठ हजार. क्रॅकिंगच्या नुकसानीतला निम्मा खड्डा बुजत होता. मी लगेच हो म्हणालो.

चाळीस बाटल्यांना ५० किलो माल लागणार होता. गोठ्याशेजारी सावलीला ठेवलेल्या क्रेटांतून मी माल काढून दिला. दोन दिवस घर आणि शेजारच्या दोघी बायका बसल्या. दाणे सोलून हात काळे पडले. दुसऱ्या रात्री उशिरापर्यंत अडतीस बाटल्या भरून पडवीत ओळीनं मांडल्या. बघून बरं वाटलं.

सकाळी कारभारीण फवारणीची वही लिहीत होती. ही वही ती ठेवते. कुठला प्लॉट, तारीख, औषध, प्रमाण, किती पंप. एक्स्पोर्टसाठी अनारनेटवर बागेची नोंदणी केलेल्यांना ही सवय असते. आम्ही एक वर्ष नोंदणी केली होती, तेव्हापासून वही सुरू राहिली. लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, "आवं, गोठ्यापाशी तर तीनच क्रेट ठिवलं हुतं आपण. चार कसं झालं?"

मी म्हणालो, मजुरांनी ठेवला असेल.

"कुठनं आणला?"

मजुराला फोन लावला. त्यानं सांगितलं, वरच्या प्लॉटातली झाडावरची तडकलेली फळं काढून टाकायला मीच सांगितलं होतं, सडकी कूज पसरू नये म्हणून. ती त्यानं काढली आणि "आपला तडकलेला माल हितंच हाय" म्हणून गोठ्यापाशी आणून ठेवली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

वरच्या प्लॉटाची तोडणी अजून पंधरा दिवस लांब होती. म्हणून तिथं आम्ही सहा दिवसांआधी बुरशीनाशक आणि कीटकनाशक फवारलं होतं. दोन्हींच्या लेबलवरचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी संपला नव्हता. आणि कोणत्या क्रेटातली फळं कोणत्या बाटलीत गेली हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी पंधरा मिनिटं गप्प बसलो. मग मन चाळे करायला लागलं, ते इथं प्रामाणिकपणे लिहितो. एका क्रेटात वीसच किलो. दाणे धुतलेत. दोन तास उकळलंय. पन्नास किलोत मिसळलंय. एका माणसाच्या पोटात असा किती जाणार. तपासतंय कोण.

मग हिनं विचारलं, "आपल्या पोरांना घालशीला का ह्यातला?"

अख्ख्या फळावर फवारलं तर बहुतेक औषध सालीवर राहतं, साल आपण टाकतो. तडकलेल्या फळाला सालच उघडी. फवारा थेट दाण्यावर पडतो. ते दाणे आपण पिळले आणि रस निम्मा केला. पाणी उडून गेलं, पण सगळी औषधं पाण्याबरोबर उडून जात नाहीत. म्हणजे उलट घट्ट झालं असेल. कुठलं औषध उकळून किती कमी होतं हे प्रयोगशाळा सांगेल, आपलं पातेलं सांगत नाही.

अडतीस बाटल्या उघडल्या. विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब खड्डा घेतला आणि ओतल्या. जनावरांना घातल्या नाहीत, ओढ्याला सोडल्या नाहीत. शेजारच्या दोघी बायकांची मजुरी दिली. त्यातली एक म्हणाली, "दादा, दोन बाटल्या मला ठिवायच्या की, वाया का घालवताय?" तिला समजावून सांगताना जास्त वाईट वाटलं. एवढं राबून आपल्या डोळ्यांदेखत मातीत ओतलेलं कुणाला बघवतं?

पुण्याच्या पाहुण्यांना फोन केला, खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "अहो, एवढं कोण बघतंय?" मी म्हणालो, मंगळवेढ्याचं नाव घालायचं म्हणालात ना, म्हणून. आमच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी. या गावात दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती माणसं जगावीत म्हणून. त्या गावाचं नाव चिकटवून असला माल पाठवायला माझा हात धजला नाही.

आणखी एक चूक झाली होती, ती सांगतो. खाण्याचा पदार्थ विकायचा तर लहान प्रमाणात असला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. आमच्याकडं नव्हती. म्हणजे माल चांगला असता तरी मी ती ऑर्डर घ्यायलाच नको होती. २०० रुपये ऐकले आणि पुढचं काही सुचलंच नाही.

कुठलं तडकलेलं फळ चालतं

आता आमच्या गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलंय, तेच इथं देतो.

तडा ताजा पाहिजे, आजचा किंवा कालचा. दाणे चकचकीत, वास गोड. तड्याच्या कडेला पांढरी, हिरवी, काळी बुरशी दिसली तर अख्खं फळ टाकायचं, नुसता भाग कापून उपयोग नाही. बुरशीचं विष उकळून जाईलच असं नाही.

साल बाहेरून चांगली पण आतले दाणे तपकिरी-काळे असतील तर ती आतली कूज. एक फळ असं निघालं की त्या झाडाची सगळी फळं फोडून नीट बघा.

तेल्याचे डाग पडून तिथंच उकललेलं फळ नको. तेल्याच्या जिवाणूनं माणसाला काही होत नाही, पण त्या भेगेतून दुसरी कूज आत शिरलेली असते. अशी फळं बागेबाहेर नेऊन पुरा किंवा जाळा, नाहीतर पुढच्या बहराला तीच रोग देतील.

खाली पडून मातीला लागलेलं तडकलेलं फळ नको. माशी, मुंग्या, पक्षी यांनी खाल्लेलं नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फवारणीची वही. प्रतीक्षा कालावधी संपलेल्या प्लॉटाचंच फळ, आणि तडा शेवटच्या फवारणीनंतर पडलेला. तारीख सापडत नसेल तर ते फळ खाण्याचं नाही. आता प्रत्येक क्रेटला प्लॉटची चिठ्ठी बांधतो. खालच्याला निळी सुतळी, वरच्याला लाल. मजुराला वाचता येत नसलं तरी सुतळीचा रंग कळतो.

परवडतं का

हे विचारणार तुम्ही, म्हणून हिशोब काढून ठेवला. चार बाटल्यांना गूळ, चिंच, टोमॅटो, मसाला, व्हिनेगर मिळून ११० रुपये. बाटल्या ७२. गॅस ३०. फळ आठ रुपयानं ५ किलो, ४० रुपये. दाणे सोलण्यापासून भरेपर्यंत बाईमाणसाचे तीन तास, तासाला ४० धरले तर १२०. एकूण ३७२, म्हणजे बाटली ९३ रुपयांना पडली. लेबल, वाहतूक, फुटतूट वेगळी.

नऊ क्रेटांचा सगळा माल करायचा म्हटलं तर १४४ बाटल्या आणि १०८ तास काम. रोज आठ तास एका माणसानं केलं तर तेरा-चौदा दिवस, तेही तोडणीच्या ऐन धांदलीत. आणि तडकलेलं फळ तेवढं थांबत नाही, दोन दिवसांत आंबतं. म्हणजे सॉसनं नुकसान भरून निघतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कायमचा धंदा करायचा असेल तर गट करा, रस काढायचं यंत्र घ्या, नोंदणी करा, माल प्रयोगशाळेत तपासून घ्या. पीएमएफएमई योजनेत अशा उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरलेलं होतं, योजना अजून चालू आहे का याची कृषी विभागाच्या ऑफिसात चौकशी करता येते. घरापुरतं म्हणाल तर ५-१० किलोचा सॉस करा, पाहुण्यांना वाढा, लेकीबाळींना बाटली द्या. आनंदाचं काम आहे.

खरा पैसा सॉसमध्ये नाही, न तडकलेल्या फळात आहे. म्हणून यंदा तीन गोष्टी केल्या. झाडाच्या बुडाला उसाच्या पाचटाचं आच्छादन टाकलं, ओल टिकावी म्हणून. माती आणि पान दोन्ही तपासायला दिलं, बोरॉन आणि कॅल्शियम रिपोर्ट बघूनच देणार. आणि मोटारीच्या स्टार्टरजवळ पाटी लावली. मोटार बंद पडून सुरू झाली तर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं पाणी, मग हळूहळू वाढवत न्यायचं. पाटी माझ्यासाठीच आहे.

काल वरच्या प्लॉटाची तोडणी झाली. प्रतीक्षा कालावधी संपल्यावर, वही बघून. तडकलेला माल फक्त एक क्रेट निघाला. त्याला लाल सुतळी बांधली आणि तडा कधीचा ते एकेक फळ हातात घेऊन बघितलं. शंका आली ती सगळी खड्ड्यात. सात किलो उरलं. त्याचा सॉस आज सकाळी केला, सहा बाटल्या झाल्या. त्यातल्या दोन शेजारच्या त्या दोघींना दिल्या. एकीनं हसत विचारलं, "दादा, ह्यो वहीत लिवलाय न्हवं?"

लिवलाय म्हटलं.

तुमच्याकडं तडकलेल्या फळाचं काय करता, आणि क्रॅकिंगवर कुणाला कायमचा इलाज सापडलाय का, जरूर कळवा. रेसिपी पुढं पाठवलीत तर फवारणीच्या वहीचा भाग कापू नका, एवढीच विनंती.

राम राम.